औषधांच्या कपाटाची किल्ली : टोव्हे डिटलेव्सनच्या आयुष्यातली पाच वर्षं

दुसरं महायुद्ध संपायच्या सुमाराची गोष्ट. कोपनहेगनमधल्या एका कवयित्रीला एका तरुण डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. तिला गर्भपात करून हवा होता, आणि त्या वेळच्या वेदना कळू नयेत म्हणून ही सुई होती. औषध होतं पेथिडिन. दंडापासून सुरू झालेलं सुख अंगभर पसरत गेलं. असं काही तिनं आयुष्यात अनुभवलं नव्हतं. गुंगी उतरायच्या आतच तिनं मनाशी ठरवलं, की हा माणूस आता सोडायचा नाही. तिचा नवरा घरी होता, दोनेक वर्षांची मुलगी होती. काही महिन्यांत तिनं तो संसार मोडला आणि १९४५ साली या डॉक्टरशी लग्न केलं. ते लग्न १९५० साली संपलं. तोवर तिचा एक कान कायमचा बहिरा झाला होता, आणि व्यसनापायी ती मनोरुग्णालयाच्या खाटेपर्यंत जाऊन आली होती.

तिचं नाव टोव्हे डिटलेव्सन. विसाव्या शतकात डेन्मार्कच्या घराघरांत जिच्या कविता बायकांना पाठ होत्या, ती हीच. कवितासंग्रह, कादंबऱ्या, कथा, आठवणी मिळून तिची तिसेक पुस्तकं आहेत. त्या सगळ्यांतून या पाच वर्षांचंच प्रकरण मी इथे मांडायला घेतलंय, त्याला कारण आहे. तिच्याविषयी बोलताना लोक फार पटकन म्हणतात, की कलावंत माणूस, मन हळवं, असं व्हायचंच. मला हे अजिबात पटत नाही. तिनं जे लिहून ठेवलंय ते नीट वाचलं तर हळव्या मनापेक्षा एक साधी, ठोस गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: या बाईला हवं असलेलं प्रत्येक दार कुलूपबंद होतं, आणि किल्ली दर वेळी कुणा पुरुषाच्या खिशात होती.

व्हेस्टरब्रो

टोव्हेचा जन्म १४ डिसेंबर १९१७चा. ती स्वतः मात्र बरीच वर्षं १९१८ सांगत राहिली. तिच्या आठवणी वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं. घर कोपनहेगनच्या व्हेस्टरब्रो या कामगार वस्तीत, हेडेब्यूगाडे नावाच्या रस्त्यावर. आपल्या गिरणगावातल्या चाळींत वाढलेल्या माणसाला ती वस्ती समजावून सांगावी लागणार नाही: छोट्या खोल्यांची बिऱ्हाडं, दाराशी कुजबुजणाऱ्या शेजारणी, कोण कधी कामावरून कमी झाला याची सगळ्यांना खबर. वडील भट्टीत कोळसा टाकण्याचं काम करत आणि अधूनमधून बेकार असत. पण वाचनाचं वेड त्यांना होतं. ते समाजवादी विचारांचे होते आणि घरात पुस्तकं होती. आई अल्फ्रिडा देखणी, लहरी होती. तिचा मूड कधी फिरेल याचा अंदाज घेत मुलगी वाढली. थोरला भाऊ एडविन रंगाऱ्याच्या हाताखाली शिकायला गेला.

एकदा टोव्हे वडिलांना म्हणाली, मलाही कवी व्हायचंय. वडिलांचं उत्तर तिनं पुढे लिहून ठेवलंय: वेडेपणा करू नकोस, मुलगी कवी होऊ शकत नाही. ते दुष्ट नव्हते. पुस्तकं वाचणाऱ्या, न्यायाची भाषा बोलणाऱ्या बापालाही मुलीच्या हातातली लेखणी दिसली नाही, एवढंच. तिनं कवितांची वही लपवून ठेवली आणि लिहीत राहिली.

चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली. पहिली नोकरी घरकामाची. ती एकच दिवस टिकली, कारण तिनं मालकिणीचा पियानो पाणी आणि ब्रश घेऊन घासून काढला. पुढे गोदामात, मग कचेऱ्यांत टायपिंग. दरम्यान ती आपल्या कविता घेऊन ब्रोकमन नावाच्या एका संपादकाकडे गेली होती. तो म्हणाला, दोनेक वर्षांनी ये. ती ते दिवस मोजत होती. एके दिवशी वर्तमानपत्रात त्याच्या निधनाची बातमी आली. एक म्हातारे पुस्तकवाले गृहस्थ, क्रोग, तिला पुस्तकं वाचायला देत. एकदा ती गेली तर त्यांची इमारतच पाडलेली, आणि त्यांचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. मोठ्या माणसाकडे किल्ली असते आणि तो माणूस गेला की दारही जातं, हे ती मुलगी कोवळ्या वयात शिकली.

मग व्हिगो एफ. म्योलर भेटला. तो 'व्हिल्ड व्हेडे' या नियतकालिकाचा संपादक होता. नावाचा अर्थ जंगली गहू. नव्या कवींना जागा देणारं ते छोटंसं मासिक. १९३७ साली त्यानं तिची कविता छापली. मेलेल्या बाळाला उद्देशून लिहिलेली. कवयित्री एकोणीस वर्षांची होती आणि तिला मूल झालेलंच नव्हतं. १९३९ साली 'पीगेसिन', म्हणजे मुलीचं मन, हा पहिला संग्रह आला. त्यालाही व्हिगोची मदत होती. १९४० साली तिनं त्याच्याशी लग्न केलं. तो तिच्याहून तीस वर्षांनी मोठा. प्रेम होतं का, या प्रश्नापाशी ती आठवणींत फारशी रेंगाळत नाही. त्यानं दार उघडलं होतं, आणि आईलाही जावई बऱ्या परिस्थितीतला आहे याचं समाधान होतं.

दोन वर्षांत ते संपलं. १९४१ साली पहिली कादंबरी आली, आणि ती तरुण लेखकांच्या वर्तुळात वावरू लागली. १९४२ साली तिनं एबे मुंक या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याशी लग्न केलं. हे लग्न मात्र समवयस्काशी होतं आणि मनापासून होतं. १९४३ साली मुलगी हेले झाली. त्याच वर्षी व्हेस्टरब्रोवरची, आपल्या लहानपणच्या रस्त्यावरची तिची कादंबरीही आली. देशावर तेव्हा जर्मन फौजांचा ताबा होता. बाळंतपणानंतर नवरा-बायकोतलं काहीतरी विझलं आणि घर हळूहळू गार पडत गेलं.

कायदा कुठे आडवा आला

या प्रकरणाच्या मुळाशी एक कायदा आहे. तो बाजूला ठेवला तर बाकी सगळं निव्वळ वैयक्तिक वाटू लागतं.

डेन्मार्कमध्ये गर्भपाताचा कायदा १९३७ साली झाला आणि १९३९पासून लागू झाला. त्यात ठरावीक कारणं होती: बाईच्या जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका, बलात्कार, गंभीर आनुवंशिक आजार. 'मला आत्ता मूल नको' हे कारण त्यात बसत नव्हतं. बाईच्या स्वतःच्या निर्णयानं बारा आठवड्यांपर्यंत गर्भपात करण्याची मुभा यायला १९७३ साल उजाडलं. मधल्या काळात ज्यांच्यावर वेळ आली त्या बायका ओळखीपाळखीनं डॉक्टर शोधत फिरल्या. टोव्हेवर ही वेळ एबेशी संसार चालू असताना पहिल्यांदा आली. एका दारातून दुसऱ्या दारात, नकार घेत, पोटातले दिवस मोजत केलेली ती वणवण तिनं फार तपशिलानं लिहिली आहे. ती पानं वाचताना अजूनही माझे हात गार पडतात.

मग दुसऱ्यांदा तेच. एका पार्टीत ती कार्ल रिबर्ग नावाच्या डॉक्टरला भेटली, रात्र त्याच्यासोबत गेली, आणि दिवस गेल्यावर मूल कुणाचं हे तिला सांगता येईना. या वेळी मात्र वणवण करायची गरज नव्हती. ज्याच्यामुळे कदाचित हे घडलं होतं तोच डॉक्टर होता, आणि तो तयारही झाला. म्हणजे सुटका, गुपित आणि सुई, तिन्ही एकाच माणसाकडे. कायदा वेगळा असता तर ती सरळ इस्पितळात गेली असती, अनोळखी डॉक्टरच्या हातून काम झालं असतं आणि संध्याकाळी घरी आली असती. पेथिडिन कदाचित तिथेही दिलं गेलं असतं. पण देणाऱ्याच्या घरी राहायला जाण्याचा प्रश्न आला नसता.

पेथिडिन

हे औषध तेव्हा अगदी नवं होतं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत ते तयार झालं. आधी ते पोटातल्या कळा, पेटके यांवर उपयोगी पडेल असं वाटलं होतं. ते अफूच्या जातीचं वेदनाशामक आहे हे नंतर उमगलं. मॉर्फिनपेक्षा सौम्य, सवय कमी लावणारं, असा त्याचा बोलबाला बरीच वर्षं राहिला. तो समज चुकीचा होता. त्याचा अंमल दोन-चार तासांत उतरतो, म्हणून माणूस पुढची सुई लवकर मागतो. शरीर सरावतं, मात्रा वाढवावी लागते. आणि वाढत्या मात्रेबरोबर शरीरात साचणाऱ्या एका घटकामुळे थरथर, झटके असे प्रकार सुरू होतात.

कार्लला हे सगळं कळत असणार की नाही, हा प्रश्न वाचक म्हणून मला छळतो. टोव्हे त्याला खलनायक करत नाही. तिच्या लेखणीतला कार्ल विक्षिप्त आहे, एकलकोंडा आहे, तिच्यावर जीव टाकणारा आहे. बायकोला दुखतंय, आपल्याकडे इलाज आहे, तो द्यायचा, इतकंच त्याचं गणित असावं. ती घरात आहे, त्याच्यावर विसंबलेली आहे, कुठे जात नाही, हेही त्याला सोयीचं असावं. हा दुसरा भाग माझा अंदाज आहे. पण औषध मिळावं म्हणूनच तिनं लग्न केलं, हे त्याला कधी कळलं की नाही, याबद्दलची तिची शांतता पुस्तकभर जाणवत राहते.

इथे एक सांगायला हवं. या पाच वर्षांचा तपशीलवार वृत्तांत एकच आहे आणि तो तिचाच आहे, वीस वर्षांनंतर लिहिलेला. कार्लची बाजू त्यात नाही. तरीही मी तिच्यावर विश्वास ठेवतो, कारण ती स्वतःला कुठेच वाचवत नाही. आपण खोटं कधी आणि कसं बोललो, हे ती सर्वांत स्वच्छ लिहिते.

कान

खोट्याची सुरुवात कानापासून झाली. लहानपणी तिचा कान दुखायचा. तोच आजार तिनं पुन्हा वर काढला. कान दुखतो म्हटलं की कार्ल पेथिडिन द्यायचा. वेदना हे तिचं नाणं झालं. नाणं रोज खर्च व्हायचं, म्हणून रोज नवी वेदना दाखवावी लागायची.

पण डॉक्टर नवरा कितीही भोळा असला तरी दुखणाऱ्या कानाचा इलाज करायला बघणारच. तिला कानाच्या तज्ज्ञांकडे नेलं. कानात काही दोष नाही, असंही कुणी सांगितलं. ते ऐकून खरं म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. टोव्हेला धडकी भरली. कान बरा असेल तर सुई बंद. मग शस्त्रक्रिया करायला तयार असलेला डॉक्टर सापडला, आणि धडधाकट कानावर शस्त्रक्रिया झाली. त्या कानानं तिला पुन्हा कधीच ऐकू आलं नाही. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस मात्र, ती लिहिते, सुखाचे होते. आता वेदना खरी होती आणि औषध हक्काचं होतं.

सगळ्या प्रकरणात मला हीच पानं सर्वांत महत्त्वाची वाटतात. व्यसनाच्या गोष्टींत आपण नेहमी घसरण बघतो: पैसे संपले, घर मोडलं, रस्त्यावर आला. इथे पैसे होते, घर होतं, स्वयंपाकघरात कामाला बाई होती, मुलं धुतलेल्या कपड्यांत होती. १९४६ साली मुलगा मिकाएल झाला. कार्लची दुसऱ्या नात्यातली मुलगीही तिनं आपली म्हणून घरात आणली. बाहेरून पाहणाऱ्याला डॉक्टरांचं सुखवस्तू कुटुंब दिसत होतं. आणि आत एक बाई निरोगी अवयव कापून घ्यायला टेबलावर झोपत होती. तिला अडवायला कुणी तिसरं माणूस नव्हतं, हे खरं दुखणं. डॉक्टरनं आपल्या घरच्या माणसाचे औषधोपचार स्वतः करू नयेत असं म्हणतात. का, ते या कानाकडे बघून कळतं. नवरा म्हणून जे बघायचं ते डॉक्टरला दिसत नाही, आणि डॉक्टर म्हणून जे विचारायचं ते नवरा विचारत नाही.

या काळात तिचं लिहिणं थांबलं होतं का? पूर्ण नाही. १९४६ साली कादंबरी, १९४७ साली 'ब्लिंकेंडे लिग्टर', म्हणजे लुकलुकणारे दिवे, हा कवितासंग्रह आणि १९४८ साली कथासंग्रह आला. लुकलुकत्या दिव्यांचा तो संग्रह तिच्या सर्वांत लाडक्या पुस्तकांपैकी एक ठरला. हे पाहून कुणी म्हणेल, बघा, नशेनं कविता दिली. तिनं स्वतः असा दावा केला नाही. उलट शेवटच्या काळात टाइपरायटरकडे बघायचंही त्राण उरलं नव्हतं, शब्द हाताशी येईनासे झाले होते, आणि सगळ्यांत मोठी भीती तीच होती, असं ती सांगते. सुई आणि कविता यांची ओढ तिच्या मनात एकाच जागेवर बसत असावी: दोन्हींमुळे जग थोडा वेळ दूर सरकायचं. त्या जागेवर सुई आली आणि कवितेला बाहेर उभं राहावं लागलं, असं मला दिसतं.

ओरिंगे

शेवटी ती अंथरुणाला खिळली. पेथिडिनच्या जोडीला मेथाडोन हे त्याच जातीचं दुसरं औषध आलं, झोपेची औषधं आली. अन्न जाईना. मुलं दाराच्या पलीकडे वाढत होती आणि त्यांना सांभाळत होती ती कामवाली बाई. कार्लचं स्वतःचंही मानसिक संतुलन ढळत चाललं होतं.

वाट सापडली ती कार्लच्या हाताबाहेरच्या एका डॉक्टरमुळे. व्होर्डिंगबोर्गजवळच्या ओरिंगे मनोरुग्णालयात तिला दाखल केलं गेलं. तिथल्या प्रमुख डॉक्टरांचं तिच्यावर प्रेम नव्हतं, तिच्या कानाशी देणंघेणं नव्हतं, तिच्याकडून काही हवंही नव्हतं. तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच किल्ली अशा माणसाकडे होती, ज्याला त्या किल्लीच्या बदल्यात ती नको होती. औषध उतरवण्याचे ते दिवस तिनं फार थोड्या शब्दांत लिहिले आहेत: किंकाळ्या, घाम, काळाचं भान नाही. मग सावकाश भूक आली. मग कागद.

बाहेर आल्यावर कार्लशी घटस्फोट झाला. १९५१ साली तिनं व्हिक्टर आंद्रेआसनशी लग्न केलं. पुढे तो 'एक्स्ट्रा ब्लाडे' या वृत्तपत्राचा संपादक झाला. ती पुन्हा घसरू लागली तेव्हा त्यानंच कंबर कसून तिला आवरलं आणि औषधं लिहून देणाऱ्यांचा बंदोबस्त केला. चांगलंच केलं. पण बारकाईनं बघितलं तर किल्ली परत एका नवऱ्याच्या हातात गेली होती, या वेळी कुलूप लावण्यासाठी. ते लग्न बावीस वर्षं चाललं, वादळी होतं, आणि १९७३ साली मोडलं.

नंतरची वीस वर्षं

त्या काळात तिनं केलेलं एक काम साहित्याच्या चर्चेत मागे पडतं, मला मात्र ते तिच्या कवितेइतकंच मोलाचं वाटतं. १९५६पासून अखेरपर्यंत 'फमिली जर्नल' या घरोघरी जाणाऱ्या साप्ताहिकात ती वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत असे. नवरा बोलत नाही, मुलगी ऐकत नाही, दिवस गेलेत आणि काय करू, अशी पत्रं. उत्तरं थेट असत, उपदेशाचा सूर नसे. ज्या बाईला वणवण करताना एकही सरळ उत्तर मिळालं नव्हतं, ती वीस वर्षं अनोळखी बायकांना सरळ उत्तरं देत राहिली.

समीक्षकांनी तिला फारसं जवळ केलं नाही. १९५०-६०च्या दशकांत डॅनिश कवितेत आधुनिकतेचं वारं होतं आणि ही बाई यमक जुळवून लग्न, मूल, बालपण यांवर लिहीत होती. वाचकांना त्यानं काही फरक पडला नाही. १९६७ साली तिच्या आठवणींचे पहिले दोन भाग आले, बालपण आणि तारुण्य यांवरचे. १९७१ साली आला तिसरा, या पाच वर्षांचा. त्याचं नाव 'गिफ्त'. आपल्या कानाला ते भेटवस्तूसारखं लागतं, पण डॅनिशमध्ये या शब्दाचे अर्थ दोन: विष, आणि विवाहित. इंग्रजी भाषांतरात 'परावलंबन' या अर्थाचा शब्द वापरावा लागला, आणि लग्न त्यातून निसटलं. मराठीत कुणी हे पुस्तक आणलं तर त्यालाही इथेच अडायला होईल. 'विष' म्हणावं तर नवरा सुटतो, 'सौभाग्य' म्हणावं तर सुई सुटते.

त्या पुस्तकाच्या शेवटी ती बरी झालेली आहे. तरी रक्त तपासायला दंड पुढे करावा लागला, किंवा औषधाच्या दुकानाच्या काचेसमोरून जायची वेळ आली, की जुनी ओढ सावलीसारखी हलते, आणि ती मरेपर्यंत पूर्ण जाणार नाही, असं ती लिहून ठेवते.

७ मार्च १९७६ रोजी तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ५८. अंत्ययात्रेला व्हेस्टरब्रोच्या रस्त्यांवर मोठी गर्दी होती, आणि त्या गर्दीत बायका जास्त होत्या. त्यानंतर जवळपास ४५ वर्षांनी तिच्या आठवणींचे तिन्ही भाग इंग्रजीत एकत्र आले आणि जगभर वाचले गेले. मीही ते तसेच वाचले. तिसरा भाग संपवल्यावर मी पुन्हा पहिल्या भागातल्या त्या घराकडे गेलो, जिथे एक मुलगी बापाचं वाक्य ऐकून घेते, काही बोलत नाही, आणि वही कुठे लपवायची याचा विचार करते.